पेलिकन गप्प झाला

‘पळालात का?’ एवढे दोनच शब्द टाइप करून नेव्हिल ट्रेंबाथने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर ओढला आणि प्रश्नचिन्हाशेजारी आणखी एक प्रश्नचिन्ह ठोकले. मग बटण दाबले. प्रतिसाद इंटरनेटवरच्या चर्चेच्या धाग्याच्या तळाशी जाऊन बसला. त्याच्या वरचा प्रतिसादही त्याचाच होता: ‘उत्तर नाही म्हणजे हार कबूल, असं समजायचं का?’ आणि त्याच्या वरचाही त्याचाच. मधूनमधून इतरांनी हसरे चेहरे चिकटवले होते. एकाने लिहिले होते, ‘म्हातारबा, सोडू नका त्याला.’

‘पेलिकन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्याचे मात्र एक अक्षर नव्हते.

"नेव्ह," स्वयंपाकघरातून बायकोचा, जॉयलीनचा आवाज आला, "हात मोकळे असतील तर सलगम चिरून दे."

"मोकळे नाहीत."

"बोटं तर थांबलीत. मला इथपर्यंत ऐकू येतंय."

नेव्हिलने धागा पुन्हा वर-खाली सरकवून पाहिला. मागच्या व्हरांड्याला काचा लावून त्याने ही खोली करून घेतली होती. इथून वॉलरू बंदरातल्या धान्याच्या उंच कोठ्या दिसत, जेटी दिसे, आणि जूनच्या हिवाळी वाऱ्याने राखाडी पडलेले आखात दिसे. निवृत्त झाल्यावर इथे बसून गळ बांधायचे आणि जेटीवर जाऊन माकूल धरायचे असा बेत होता. गळ कपाटातच राहिले. टेबलावर संगणक आला, आणि इस्टरपासून त्या संगणकात हा धागा.

धाग्याची सुरुवात कुणा तिसऱ्यानेच केली होती. कोरव्हेल ही कंपनी संगणक बनवते म्हणणे चुकीचे आहे, असे त्याचे म्हणणे. शोध दुसऱ्यांनी लावायचे आणि हिने ते डब्यात भरून विकायचे, एवढाच तिचा धंदा. नेव्हिलला ते झोंबले. शेजारच्या कडीना गावातल्या तंत्रशाळेत त्याने उभी हयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवले होते. कोरव्हेलचे पहिले यंत्र शाळेत आले तेव्हा त्याने झाकण उघडून आतली मांडणी मुलांना दाखवली होती. ती इतकी नेटकी होती, की सदा कलकल करणारा वर्ग क्षणभर गप्प झाला होता. आणि आता तर त्याची लेक टॅमसिन तिथे होती. दुकानात नव्हे, विक्रीत नव्हे, ॲडलेडच्या प्रयोगशाळेत. संशोधक.

त्याने कंपनीच्या वार्षिक अहवालातला आकडा धाग्यावर टाकला. संशोधनावरचा खर्च दर वर्षी वाढतो आहे, डोळे उघडून बघा. पुष्कळजण गप्प बसले. पेलिकन बसला नाही.

पेलिकन आरडाओरडा करीत नसे. उद्गारचिन्ह नाही, टोमणा नाही. त्यामुळेच तो नेव्हिलला असह्य होई. ‘आकडा वाढलाय, संशोधन वाढलेलं नाही,’ त्याने लिहिले. ‘दुरुस्ती खात्यातली आणि ग्राहकांचे फोन घेणारी माणसंही आता त्याच सदराखाली दाखवतात. पेरायचं बियाणं दळून खाल्लं, आणि पीठ मोजून सांगतायत की बियाणं वाढलं.’

‘पुरावा?’

‘दाखवता येणार नाही. गप्प राहण्याची सही करून दिलेली आहे.’

‘फार सोयीची सही आहे तुमची,’ नेव्हिलने लिहिले, आणि त्यावर बरेच हसरे चेहरे पडले.

असे आठवडेच्या आठवडे चालले. नेव्हिल आकडे देई. पेलिकन म्हणे, आकडे खरे आहेत, अर्थ खोटा आहे. नेव्हिल रात्री अंथरुणावर पडल्यावर उत्तरे जुळवी आणि सकाळी दात घासायच्या आधी टाइप करी. त्याच्या रक्तदाबाच्या गोळीचे जॉयलीनने दोनदा विचारले आणि तिसऱ्यांदा ती गोळीच आणून कळफलकावर ठेवली. शेवटी एके दिवशी पेलिकनने लिहिले, ‘ॲडलेडच्या प्रयोगशाळेतली माणसं काढली आहेत. मी यापेक्षा जास्त सांगू शकत नाही.’

त्या दिवशी नेव्हिलला आपण जिंकल्याचे कळले. त्याने सावकाश, शब्द निवडून लिहिले: ‘मी गुलाब लावतो. छाटणी केली म्हणजे झाड मेलं असं होत नाही. छाटतात त्या वाळक्या फांद्या. कामाच्या माणसाला कुठलीही शहाणी कंपनी सोडत नाही. माझी मुलगी त्याच प्रयोगशाळेत आहे, आजही आहे. भर उन्हात वाचता येईल असा संगणकाचा पडदा त्यांनी केलाय. आमच्या जेटीवर ऐन दुपारी मी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ऊन जितकं कडक, तितकी अक्षरं ठळक. तुम्ही पाहिलाय का? मी टोपणनावामागे दडत नाही. नेव्हिल ट्रेंबाथ, वॉलरू.’

त्यावर पेलिकनचे उत्तर आले ते शेवटचे. ‘तो पडदा फार चांगला होता. या विषयावर मला आणखी काही लिहायचं नाही.’

खरे तर तिथेच आनंद व्हायला हवा होता. झाला तो दोन दिवस टिकला. मग नेव्हिलला त्या गप्प बसण्याचाच राग येऊ लागला. एवढा वाद घालायचा, आणि ‘चुकलो’ एवढा शब्द उच्चारायचा नाही? म्हणून तो डिवचत राहिला. रिकाम्या घराचे दार वाजवीत राहावे तसा.

"गाडी आली," जॉयलीन म्हणाली. तिचे हात पिठाने भरले होते. "जा ना, फाटक उघड."

टॅमसिन राणीच्या वाढदिवसाची जोडून आलेली सुट्टी घेऊन आली होती. बापासारखीच उंच, बापासारखीच पुढे वाकून चालणारी. केस मात्र तिने कानापर्यंत कापले होते. तिने बापाला मिठी मारली, आईच्या पिठाळ हातांना चुकवून तिच्या गालाला गाल लावला.

"बारीक झालीस," जॉयलीन म्हणाली.

"केस कापलेत म्हणून वाटतंय."

जॉयलीन गाडीपाशी गेली. मागच्या सीटवर खोकी होती, एक टेबलदिवा होता, पट्ट्यात अडकवलेली रबराच्या झाडाची कुंडी होती. तिने काचेतून आत पाहिले आणि लेकीकडे पाहिले.

"बराच पसारा आणलास गं."

"असू दे आई गाडीतच. नंतर काढू."

नेव्हिल फाटकाची कडी लावत होता. "लवकर चला," तो म्हणाला. "मला गंमत सांगायचीय."

मांस आणि सलगम भरलेल्या पेस्ट्या ओव्हनमधून निघाल्या होत्या. कडेची वळलेली जाड मुरड खरपूस तपकिरी झालेली. जॉयलीनने प्रत्येकीवर त्या त्या माणसाचे आद्याक्षर कोरले होते, तिची सासू कोरायची तसे. टॅमसिनने आपल्या पेस्टीवर टोमॅटो सॉस ओतला आणि एका कोपऱ्यापासून खायला सुरुवात केली.

"तो पेलिकन," नेव्हिल म्हणाला, "गप्प झाला. पार गार."

"बरं झालं."

"बरं काय झालं? कबूल कुठे केलंय त्याने? नुसता तोंड मिटून बसलाय. म्हणजे उद्या दुसऱ्या कुठल्या तरी धाग्यावर जाऊन पुन्हा हेच पिल्लू सोडणार."

"सोडू दे ना."

"सोडू दे काय? टॅम, तुमच्या कंपनीबद्दल बोलतोय तो. तुमची प्रयोगशाळाच नाही म्हणतो. तुला कसा राग येत नाही?"

"पेस्टी मस्त झालीय, आई."

"सलगम जाड चिरलाय," जॉयलीन म्हणाली. "चिरणारे हात आज मिळाले नाहीत मला."

नेव्हिलने ते ऐकले नाही. त्याने खुर्ची पुढे ओढली. "माझं काम एका ओळीचं आहे. तू लिही. तुझ्या नावाने. ‘मी कोरव्हेलमध्ये आहे, प्रयोगशाळा चालू आहे.’ संपला विषय. आतल्या माणसाचा शब्द म्हटल्यावर कोण काय बोलणार?"

"बाहेर लिहायची परवानगी नसते, बाबा."

"प्रयोगशाळा चालू आहे यात कसलं आलंय गुपित? इमारतीवर पाटी आहे ना?"

"नेव्ह, तिला जेवू दे."

"जेवतेच आहे की ती. मी काय ताट ओढलं का?" तो पुन्हा मुलीकडे वळला. "एक ओळ. दोन मिनिटं लागणार नाहीत. मी इतके दिवस तुझ्या बाजूने एकटा भांडतोय तिथे, सगळ्यांच्या शिव्या खातोय, आणि तुला एक ओळ—"

"मी सांगितलं होतं का तुला भांडायला?"

जॉयलीनने सॉसची बाटली उगाच जवळ ओढली.

"सांगायला कशाला लागतं," तो म्हणाला. "तुझ्या कामाला कोणी नावं ठेवली तर मी—"

"माझ्या कामाला त्याने नाव ठेवलेलंच नाही!" टॅमसिनने काटा बशीत ठेवला. काटा घसरून टेबलावर पडला, तो तिने उचलला नाही. "चांगला होता म्हणालाय तो. फार चांगला होता. बाबा, तू नीट वाचलंस का ते? होता."

"म्हणजे तू वाचतेस?"

"रोज वाचते. दुपारच्या सुट्टीत वाचते. मागच्या खोलीत उभी राहून."

"कुठल्या मागच्या खोलीत?"

ती बाहेर पाहू लागली. काचेवर वारा आपटत होता.

"प्रयोगशाळा नाहीये, बाबा. फेब्रुवारीतच बंद केली. सकाळी आम्हाला सगळ्यांना खाली बोलावलं, आणि वर गेलो तर दाराचं कार्ड चालेना. माझा डबा आत राहिला." ती थोडी हसली. "पाटी आहे अजून. पाटी काढायलाही माणूस लागतो."

"पण इस्टरला तू म्हणालीस, काम भरपूर आहे म्हणून."

"आहेच. चष्म्याच्या दुकानात आहे मी. डॉक्टर तपासायच्या आधी लोकांची हनुवटी त्या यंत्रावर ठेवायची आणि डोळ्यांत हवेचा झोत मारायचा. सगळे दचकतात. मग मी सॉरी म्हणते. दिवसभर सॉरी म्हणते."

नेव्हिलने तोंड उघडले. पण इतके आठवडे जे तोंडात बसले होते तेच बाहेर आले.

"पण अहवालात तर यंदाही आकडा वाढलाय."

जॉयलीनने डोळे मिटून घेतले.

"हो," टॅमसिन म्हणाली. तिचा आवाज आता अगदी खाली आला होता. "वाढलाय ना. फोनवर ‘बंद करून पुन्हा चालू करून बघा’ सांगणारी पोरं आहेत ना, ती आता संशोधनात मोडतात. आणि आम्ही वाळक्या फांद्या."

"टॅम, ते मी तुला उद्देशून—"

"माहितेय मला. मला उद्देशून नव्हतं ते. पण मीच होते ना ती." ती उठली. खुर्चीच्या पाठीवरचा कोट तिने घेतला. "तू ते लिहिलंस, त्या दिवशी मी तुला फोन करणार होते. सगळं सांगणार होते. नंबर काढला होता. म्हटलं आधी बघू या, बाबांचं तिथे काय चाललंय. मूड कसा आहे."

कोटाची एक बाही उलटी झाली होती. ती तशीच खांद्यावर टाकून ती मागच्या दाराने गेली. दार वाऱ्याने आपोआप बंद झाले. जरा वेळाने ती जेटीकडच्या रस्त्याला लागलेली काचेतून दिसली, मान खाली घालून, वाऱ्याला खांदा देत.

"तुला माहीत होतं?" नेव्हिलने विचारले.

"नाही." जॉयलीनने टॅमसिनची अर्धी पेस्टी बशीने झाकली. "पण गाडीत कोणी सुट्टीपुरतं रबराचं झाड घेऊन येतं का? जागा सोडून आलीय ती. तू पाहिलंस तरी का गाडीत?"

त्याने पाहिले नव्हते. तो उठून बाहेर गेला. गाडीला कुलूप नव्हते. एक एक खोके त्याने आत नेले आणि टॅमसिनच्या जुन्या खोलीत भिंतीशी लावून ठेवले. एका खोक्याचा तळ सुटत आला होता. तो त्याने तळहातावर पेलून धरला आणि पावले मोजल्यासारखा सावकाश चालत गेला. टेबलदिवा लावून पाहिला. दिवा लागला. झाडाची कुंडी खिडकीत ठेवली, मग वाऱ्याची फट जाणवली म्हणून उचलून कपाटावर ठेवली, मग तिथे उजेड पोहोचेना म्हणून पुन्हा खाली आणली. जॉयलीन दारात उभी राहून पाहत होती. मग ती चादर घेऊन आली आणि पलंग घालू लागली. दुसरे टोक नेव्हिलने धरले.

संध्याकाळ लवकर आली, हिवाळ्यात येते तशी. टॅमसिन परतली, आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज येत होता. नेव्हिल काचेच्या खोलीत येऊन बसला आणि त्याने धागा पहिल्यापासून उघडला.

आपणच लिहिलेले वाचताना त्याने दोन ठिकाणी मान वळवली. तरी वाचत राहिला. पेलिकनचे प्रतिसाद त्याने यापूर्वी कधी असे सलग वाचले नव्हते. उत्तर द्यायचे म्हणून त्यातले एकेक वाक्य तोडून घेतले होते, एवढेच. सलग वाचल्यावर त्यांत वेगळाच माणूस दिसत होता. या माणसाला कंपनीची नालस्ती करायची नव्हती. ती बंद पडलेली जागा त्याला आवडत होती. कुठल्या बाकावर सकाळचे ऊन येते, हे सुद्धा त्याने एकदा ओघात लिहून टाकले होते, आणि नेव्हिलने त्यावर लिहिले होते, ‘मुद्द्याचं बोला.’

मग ते छाटणीचे वाक्य आले. खाली त्याची सही. नेव्हिल ट्रेंबाथ, वॉलरू.

त्या प्रयोगशाळेत ट्रेंबाथ नावाची एकच व्यक्ती होती. पेलिकन तिथला असेल, आणि तो तिथलाच होता हे आता आंधळ्यालाही दिसले असते, तर सही वाचताक्षणी त्याला सगळे कळले असणार. हा म्हातारा कोणाचा बाप, आणि याला घरचे काहीच माहीत नाही, हेही. ‘तुमची मुलगी आता तिथे नाही,’ एवढी ओळ पुरली असती. सगळ्यांसमोर वाद तिथेच संपला असता. हुकुमाचा पत्ता त्याच्या हातात होता, आणि तो त्याने पालथा ठेवून दिला होता.

एरवी पेलिकनचे उत्तर हातोहात येई. त्या दिवशी नेव्हिलने सकाळी लिहिले होते आणि त्याचे ते दोन ओळींचे उत्तर अंधार पडल्यावर आले होते.

आणि त्याच्याखाली नेव्हिलचे प्रतिसाद. एकाखाली एक. ‘कुठे गेलात?’ ‘उत्तर नाही म्हणजे हार कबूल, असं समजायचं का?’ शेवटचा आज सकाळचा. पळालात का. पुढे दोन प्रश्नचिन्हे.

त्याने तो पुसून टाकायचा प्रयत्न केला. पुसण्याची मुदत उलटून गेली होती.

टॅमसिन केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तेव्हा तो तिच्या खोलीच्या दाराशी उभा होता.

"तू सामान आणलंस आत?"

"हो. त्या एका खोक्याचा तळ गेलाय. उद्या चिकटपट्टी लावतो." तो थांबला. "टॅम, हा पेलिकन कोण आहे?"

"नाही माहीत. मोजकीच तर माणसं होतो आम्ही. कोणीही असेल." तिने टॉवेल सोडला. "सगळ्यांनी सही केलीय, बाबा. कोण कोणाला विचारणार?"

"मला तिथे काहीतरी लिहायचंय. तुला विचारल्याशिवाय नाही लिहिणार."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. टॉवेलने कान पुसले. "माझं नाव नको."

"नाही टाकत."

"आणि मोठं भाषण नको. तू सुरू झालास की थांबत नाहीस."

त्याने भाषण लिहिले नाही. तरी त्या चार ओळींना त्याला जेवणापर्यंतचा वेळ लागला. ‘पेलिकन यांचं म्हणणं बरोबर होतं. मी आकडे वाचत होतो, ते माणसांबद्दल सांगत होते. वाळक्या फांद्यांबद्दल मी लिहिलं ते चूक होतं आणि हलकटपणाचं होतं. ते गप्प बसले ते हरले म्हणून नव्हे, हे मला उशिरा कळलं.’ खाली सही केली. बटण दाबण्याआधी जॉयलीनला बोलावून वाचायला दिले. तिने चष्मा नसल्यामुळे पडद्याला नाक लावून वाचले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकदा दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. टॅमसिन अजून झोपली होती. नेव्हिल चहाचा मग घेऊन व्हरांड्यात आला. धाग्यावर रात्रीतून गर्दी झाली होती.

‘अरेच्चा, म्हातारबांना झालं काय?’

‘कितीला विकलात?’

‘इतके दिवस आमचं डोकं खाल्लंत आणि आता म्हणे उशिरा कळलं. अहवाल कुठे गेला तुमचा?’

ज्याने ‘सोडू नका त्याला’ लिहिले होते, त्यानेच आता लिहिले होते, ‘मला पहिल्यापासून वाटतच होतं, याला काडीचं काही समजत नाही.’

नेव्हिलची बोटे कळफलकावर गेली. त्याने अर्धे वाक्य टाइप केले. चांगले झणझणीत वाक्य होते. मग ते उलट्या दिशेने एक एक अक्षर खाऊन टाकले आणि चहाचा घोट घेतला. बोटे पुन्हा गेली, पुन्हा परत आली. कानशिले तापली होती. त्याने आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसल्यासारखे केले आणि खाली सरकत गेला.

सर्वांत शेवटी पेलिकन होता. नुकताच लिहिलेला प्रतिसाद. फक्त तीन शब्द.

‘मुलगी कशी आहे?’

नेव्हिलने ते वाचले. मग खोलीत कोणीतरी असल्यासारखे वाटून त्याने वळून पाहिले. टॅमसिन दारात उभी होती, आईचा जुना लोकरी गाऊन अंगावर ओढून, पाय अनवाणी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

तो गडबडीने उठला. खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"ये, बस. तुझ्याबद्दल विचारलंय. तूच लिही काय ते."

टॅमसिन पुढे आली. वाकून तिने पडद्यावरची ओळ वाचली. तिचे ओठ हलले. हसली की आणखी काही, ते त्याला कळले नाही. तिने खुर्चीवर हात ठेवला, पण ती बसली नाही. खुर्ची तिने परत त्याच्याकडे लोटली.

"मला नाही विचारलेलं," ती म्हणाली. "तुला विचारलंय, बाबा."

नेव्हिल खुर्चीवर बसला. पडद्यावर रिकामी चौकट उघडी होती, आणि तिच्यात उभी रेघ लुकलुकत होती. त्याने बोटे उचलली. काय लिहायचे? बरी आहे? तसे लिहिता आले असते. कोणीही तसेच लिहिले असते. त्याने हात खाली घेतले आणि पाय जमिनीला लावून खुर्ची पुरती वळवली, पडद्याकडे पाठ करून.

"कशी आहेस?" त्याने विचारले.

टॅमसिनने थंड फरशीवरचा एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला. तिने बाहेर पाहिले, मग त्याच्याकडे.

"इथे फार गारठा आहे," ती म्हणाली. "तो हीटर लाव आधी. सांगते."